आठवे मडके

आमच्या परसातल्या आडाला रोज किती पाणी येते हे मी मोजत असे, आणि त्यावरून लोक मला हसत. पण तालुक्याच्या कचेरीत माझ्याकडे जी कामे होती त्यांत पाऊस मोजणे हेही एक होते. रोज सकाळी आठ वाजता आवारातल्या पर्जन्यमापकापाशी जायचे, आतली बाटली काढून काचेच्या मापात ओतायची आणि वहीत आकडा लिहायचा. त्या साली कार्तिकापासून मी एकच आकडा लिहीत होतो, तो म्हणजे शून्य. न पडलेल्या पाण्याची इतकी काटेकोर नोंद ठेवणाऱ्या माणसाने घरच्या आडातल्या पाण्याची नोंद ठेवू नये, हे मला पटले नसते.

लढाई संपली होती, रेशन संपले नव्हते. आमचे घर गावाच्या कडेला. पुढे ओटा, मागे पडवी आणि पडवीपुढे परस. परसात आठ झाडे होती: दोन लिंबे, एक पेरू, एक पपई, कढीलिंब, जास्वंद, मोगरा आणि कोपऱ्यात एक डाळिंब. केळी होत्या त्या मी माघातच काढून टाकल्या होत्या. केळीला लागते तेवढे पाणी देण्याची माझी ऐपत उरली नव्हती.

चैत्र लागला तेव्हा आडातून दिवसाला नऊ घागरी निघत. एक घागर म्हणजे आमच्या घरच्या तांब्याने बारा तांबे. म्हणजे एकशे आठ. मुलगा नगरला शिकायला होता, त्यामुळे घरात माणसे तीन: मी, बायको, आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी. पिणे, स्वयंपाक, आंघोळी, धुणे-भांडी मिळून साठ तांबे लागत. उरले अठ्ठेचाळीस. झाडे आठ. प्रत्येकी सहा तांबे. भागाकार इतका नीट सुटला की मला समाधान वाटले.

मुलीचे सासर देवळाली प्रवरेचे. तिकडे पाटाचे पाणी, दाराशी ऊस. तिच्या सासऱ्यांनी मला स्पष्ट लिहिले होते की यंदा तुमच्याकडे पाण्याचे हाल आहेत, तर मुलीचे इथेच होऊ द्या. बायको म्हणाली, पहिले माहेरीच व्हायला हवे. मी दोन दिवस आकडेमोड केली, बाळंतिणीच्या न्हाण्याला किती घागरी लागतील तेही धरले, आणि पाठवा म्हणून कळवले. म्हणजे ती इथे आली ती माझ्या हिशेबावर विसंबून. तिला सुखरूप सोडवून परत पाठवणे हे त्या उन्हाळ्यात माझ्यापुढचे एकच खरे काम होते. बाकी झाडे वगैरे नंतर.

तरी झाडे मरू द्यायची नव्हती. सहा तांबे एकदम ओतले तर त्या उन्हात अर्धे वर जात, उरलेले मातीच्या भेगांतून भलतीकडे. पाणी थेंबाथेंबाने द्यायला हवे होते. महादेवावर वैशाखात गळती लावतात तशी झाडावर लावावी असे माझ्या मनात आले, आणि मी काष्टीच्या बाजाराला गेलो.

"आठ मडकी द्या. बुडाला बारीक भोक पाडून," मी कुंभाराला म्हणालो.

त्याने मान वर केली. "आठ? कोन कोन गेलं, भाऊसाहेब?"

"कुणी गेलं नाही. झाडांना पाणी द्यायचंय."

"हितं मान्सांना न्हाई," त्याची बायको मागून म्हणाली, आणि हसली.

कुंभार हसला नाही. "आठ न्या, धा न्या. पन भोक आमी पाडून देत न्हाई. त्ये ज्याचं त्यानं पाडायचं असतं."

मला त्याचे बोलणे कळले नव्हते असे नाही. मडक्याला भोक कधी पाडतात हे मला ठाऊक होते. वडिलांच्या वेळी मीच खांद्यावर पाण्याचे मडके घेतले होते, कुणीतरी मागून दगडाने त्याला भोके पाडली होती, आणि गळत्या मडक्यानिशी मी चितेभोवती तीन फेऱ्या घातल्या होत्या. शेवटी ते मडके मागे टाकायचे आणि मागे न बघता चालू लागायचे. पण मडके म्हणजे मडके, असे मी तेव्हा मनाशी म्हटले.

घरी येऊन टोकदार गारगोटीने टोकरत टोकरत मी आठही मडक्यांना भोके पाडली. खिळा मारला असता तर तडा गेला असता. भोकात चिंधीची वात बसवली. तीन काठ्या एकत्र बांधून प्रत्येक झाडाशी एक तिकाटणे उभे केले आणि त्यात मडके टेकवले. थेंब पडतो तिथे माती उकरू नये म्हणून खाली एकेक खापरी ठेवली, आणि बुंध्याभोवती ओल धरून ठेवायला चपटे दगड मांडले.

बायको पडवीत उभी राहून बघत होती. "हे काय?"

"गळती. देवाला लावतात ना, तशी."

"देवाची तांब्याची असते."

"मातीची असली म्हणून पाणी वेगळं गळत नाही."

"पाणी नाही हो वेगळं गळत," ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे एक म्हातारी एकटी राहत असे. तिची जीभ तिखट होती, पण आमच्या घरी अडीअडचणीला तीच पहिली येई. ती भिंतीवरून डोकावली. "भाऊसाहेब, परसात मसनवटा मांडलाय जनू."

"उन्हाळ्यापुरता आहे. मग काढून टाकतो."

"काढाल तवा नीट बगून काढा म्हंजी झालं."

उन्हाळ्यात आमची कचेरी सकाळची असे. साडेबाराला मी घरी येई. त्या वेळी गावात कुत्रेसुद्धा हलत नसे. पाखरे बहुधा पाण्याकडे निघून गेली होती, कारण झाडांवर एकही दिसत नव्हते. परसाचे दार उघडले की उजेडाने डोळे मिटत आणि मग ते आवाज ऐकू येत. टप. जरा थांबून दुसरीकडे टप. आठ मडकी, आठ खापऱ्या, प्रत्येकीचा आवाज निराळा. मुलगी दुपारी पडवीत आडवी पडलेली असे. तिला ते आवाज ऐकायचा नादच लागला होता.

"अण्णा, पेरूचं आज हळू चाललंय."

मी जाऊन बघितले. वातीत कचरा अडकला होता.

"आणि मोगऱ्याची खापरी फुटलीय का? बद्द वाजतीय."

खापरीला खरेच चीर गेली होती. तिचा कान लहानपणापासून असा होता. पुढचे सांगायच्या आधी हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

चैत्र संपता संपता आडाचा पाझर अर्ध्या घागरीने उतरला. साडेआठ घागरी म्हणजे एकशे दोन तांबे. घरचे साठ वजा करता बेचाळीस. बेचाळीस भागिले सहा, सात. म्हणजे एक झाड सोडायचे. सगळ्यांचे पाणी थोडेथोडे कमी केले असते तर सगळीच अर्धमेली झाली असती, म्हणून एकच सोडायचे मी ठरवले. कोणते, हेही उघड होते. डाळिंब मी लावलेले नव्हते, टाकलेल्या बियांतून आपोआप उगवले होते. इतक्या वर्षांत त्याने एक फळ दिले नव्हते.

"डाळिंबाचं राहू द्या," बायको म्हणाली. "लिंबांतलं एक सोडा."

"दोन लिंबांनी गेल्या साली दीडशे फळं दिली. डाळिंबानं काय दिलं? ठेवायचं काही कारण असेल तर सांग, ठेवतो."

तिने एकदा परसाकडे बघितले. मग म्हणाली, "कारण नाही."

"मग झालं तर."

आमच्या संसाराला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. त्या बावीस वर्षांत तिने माझ्याकडे कारणाशिवाय काही मागितल्याचे मला आठवत नाही. तेवढा एक आकडा माझ्या हिशेबात यायला हवा होता. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कचेरीतून आल्यावर, मी मडके काढायला गेलो. त्यात दोनेक तांबे पाणी शिल्लक होते. ते वाया जायला नको, लिंबाला घालू, म्हणून मडके तिकाटण्यातून उचलून डाव्या खांद्यावर घेतले. खाली ठेवले असते तर बुडाच्या भोकातून सगळे गेले असते. एका हाताने मडके धरून दुसऱ्या हाताने काठ्या उपटू लागलो. उजवीकडे भिंत असल्यामुळे डावीकडून वळसा घेत जावे लागे. एक काठी काढली, झाडाला वळसा घालून भिंतीशी टेकवली. दुसरी काढली, पुन्हा वळसा. मग तिसरी. पाणी पाठीवरून ओघळत होते, थंड होते, आणि खरे सांगायचे तर त्या उन्हात बरे वाटत होते. तिसरी काठी टेकवून वळलो तो पाय दगडाला अडखळला. मडके खांद्यावरून मागे घसरले आणि फुटले.

"मागं बगू नका, भाऊसाहेब."

भिंतीपलीकडे म्हातारी गोवऱ्या उलथत होती. ती ओरडली नाही, अगदी हळू बोलली. मी मागे बघितले. खापऱ्या पडल्या होत्या आणि मधले पाणी माझ्यादेखत जमिनीत गेले. ओला डागसुद्धा राहिला नाही.

तीन काठ्या, तीन वळसे, डाव्या खांद्यावर गळते मडके. मी हे सगळे नंतर मोजले असे नाही. तिथेच उभ्या उभ्या मोजले गेले.

"काय फुटलं?" बायकोने आतून विचारले.

"मडकं. लागणार नव्हतंच."

तेवढ्यात पडवीत मुलगी जागी झाली आणि तिने पाणी मागितले. आईने तांब्या दिला. तो तिने घटाघटा संपवला आणि आणखी एक मागितला.

त्या दिवसापासून तिची तहान सुरू झाली. पडवीतल्या पिण्याच्या माठावर मी आतून खिळ्याने रेघा ओढून ठेवल्या होत्या, त्यामुळे किती गेले ते रोज कळे. पहिल्या दिवशी नेहमीपेक्षा चार तांबे जास्त. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सहा. मग सहाच. पाच नाही, सात नाही. पाणी प्यायची आणि ओठ तसेच कोरडे, फुटलेले. डोळे आत गेले. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राही. मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी आणले. त्यांनी तपासले आणि म्हणाले, "ऊन आहे, पहिलटकरीण आहे. मागेल तेवढं पाणी द्या." ते बरोबरच बोलले असतील. पण मागेल तेवढे देऊनही ती वाळत होती.

जास्तीचे सहा तांबे मी माझ्या आंघोळीतून काढले. झाडांचे पाणी तेवढेच ठेवले होते. तरी वैशाखाच्या उन्हात झाडे उतरू लागली. पपईची पाने लोंबली, लिंबांची चुरगळली, पेरूची कडा जळून तांबडी झाली. एकच झाड ताजे होते. डाळिंबाला कोवळी, लालसर पालवी फुटली होती.

डाळिंब चिवट असते, हे मला माहीत आहे. त्याची मुळे कुठे कुठे जातात तेही माहीत आहे. म्हणून मी पहार आणली आणि बुंध्यापासून दीड हातावर खोल मारून बघितली. वर आली ती नुसती धूळ.

त्या दुपारी मी पडवीत मुलीजवळ बसलो होतो. बाहेर थेंब वाजत होते. ती डोळे मिटून पडली होती.

"अण्णा, आठही आज नीट वाजताहेत."

"सात आहेत, बाळ. एक काढलंय मी."

"कुठलं?"

"तू ऐकून सांग."

तिने ऐकले. बोटांनी मोजले. "नाही हो. आठ आहेत. आठवं सगळ्यांत जवळ वाजतंय. जवळ, म्हणजे..." तिने हात उचलून उशाशी नेला आणि मग तसाच खाली ठेवला. "पाणी द्या ना."

मी तांब्या भरून दिला. ती पीत असताना मी बाहेर बघत होतो. सात मडकी होती. मी ती दोनदा मोजली.

मग मी वही काढली. वाचून काही उपयोग होईल असे वाटले नाही, पण माझ्या हाताला दुसरे काही करता येत नाही. डाळिंबाचे तोडलेले पाणी रोजचे सहा तांबे. मुलीचे वाढलेले पाणी रोजचे सहा तांबे. ज्या दिवशी तोडले त्याच दिवशी वाढू लागले. एरवी हिशेब जुळला की मला शांत वाटते. त्या दिवशी जुळला आणि तसे वाटले नाही.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोपुढे धरली. तिला आकडे नीट वाचता येत. तिने वाचले आणि भाकरी थापायचे थांबवले.

"तिची वार तिथं आहे," ती म्हणाली.

मला क्षणभर समजले नाही.

"ती झाली तेव्हाची. मला आई नव्हती, म्हणून माझं पहिलं इथंच झालं. तुमच्या आईनं आणि सुइणीनं वार बोळक्यात घालून पुरली. जागा कुणाला सांगायची नाही, म्हणाल्या, नवऱ्यालाही नाही. कुणी उकरलं तर लेकराला बाधतं. आणि जागा कोरडी पडू द्यायची नाही. तेव्हा न्हाणी तिथंच होती. माझ्या न्हाण्याचं पाणी रोज त्यावरून जायचं."

न्हाणी मी हलवली होती. दहा वर्षांपूर्वी, आडापासून लांब पडते, रोज अमुक पावले जास्त चालावे लागते, असा हिशेब करून. तेव्हाही ती म्हणाली होती की आहे तिथे राहू द्या. तेव्हाही मी कारण विचारले होते.

"मग डाळिंब?"

"न्हाणी गेली त्या साली उगवलं. मला वाटलं, बरं झालं, आता झाडाच्या निमित्तानं तरी पाणी जाईल." तिने हाताचे पीठ झटकले. "मडकं फुटलं कसं?"

मी सगळे सांगितले. खांदा, काठ्या, वळसे. ती ऐकत हळूहळू खाली बसली.

"मागं बघितलंत?"

"बघितलं."

"बघितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. असे का म्हणाली ते मी विचारले नाही. तिच्याकडे कारण न मागण्याची माझी ती पहिली वेळ.

पुढे काय करायचे ते तिनेच ठरवले. "भोकाचं मडकं नको. माझ्या वडिलांकडे वेलांना मडकी पुरायचे. तोंड तेवढं वर. पाणी आपलं आपण पाझरतं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि कुंभाराच्या घरी गेलो.

"किती?"

"एक."

"भोक?"

"नको."

"मंग चांगलं वाजवून देतो," तो म्हणाला, आणि चार मडकी टिचकी मारून बघून पाचवे दिले.

खणायचे कुठे, हा प्रश्न होता. बायको डाळिंबापाशी गेली. एका जागी चप्पल काढून उभी राहिली. "मी उभी आहे तिथं कुदळ येऊ देऊ नका."

बारा वाजून गेले होते. जमीन तव्यासारखी होती. ती अनवाणी उभी होती आणि मी तिच्या पायांपासून हातभर अंतरावर खणत होतो. मी दोनदा म्हटले की सावलीला जा, जागा लक्षात आली. ती हलली नाही. वीतभर खणेपर्यंत धूळ, मग मुरूम. हातभर खोल गेल्यावर मी कुदळ थांबवली. खड्ड्याच्या तीन बाजू पांढऱ्या, कोरड्या होत्या. चौथी, तिच्या पायांकडची, काळी आणि ओली होती. मी बोट लावून बघितले. बोटाला माती चिकटली. आदल्या दिवशी मी पहार मारली ती जागा तिथून फार तर दीड फुटावर.

मी बोट धोतराला पुसले. तिने वाकून बघितले नाही. मडके बसवले, भोवती माती लोटली, तोंडावर खापरी ठेवली आणि सहा तांबे पाणी ओतले.

हात धुऊन परत आलो तो मडके रिकामे होते.

नव्या मडक्याला पहिल्यांदा पाणी लागतेच. पण सहा तांबे पाझरायला चांगला दीड दिवस लागायला हवा. मी हात घालून तळ चाचपला, तडा नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या माझ्या आंघोळीचे पाणी आणून मी त्यात ओतले. म्हातारी भिंतीशी येऊन उभी होती.

"ऱ्हातंय का?" तिने विचारले.

आम्ही तिघे त्या मडक्याच्या तोंडाशी बघत राहिलो. या वेळी ते राहिले.

मुलीची जास्तीची तहान त्या दिवशी सहा तांबेच होती. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी माठातले पाणी नेहमीच्या रेघेवर आले. ओठ भरायला आठवडा गेला. एका दुपारी ती पडवीतून म्हणाली, "अण्णा, आता सातच वाजताहेत. एक काढलंत का?" मी म्हटले, "हो, काढलं." यात खोटे काही नव्हते.

यातून काही सिद्ध झाले असे मी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणतील, अंगातली उष्णता उतरली. जमिनीखाली झिरप्याची एखादी बारीक रेघ असेल आणि माझी पहार तिला चुकली असेल. मी कचेरीत एवढी वर्षे काढली आहेत, दोन आकडे शेजारी आले म्हणून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे होत नाही, हे मला समजते. मी फक्त आकडे काय होते ते लिहितो आहे.

आड आणखी उतरला. आठ घागरी, मग साडेसात. दर वेळी एक मडके काढायची पाळी आली. आता मी प्रत्येक मडके आधी वातीने गच्च बंद करून, दोन्ही हातांनी पोटाशी धरून काढत असे, वळसा न घालता. आणि काढण्यापूर्वी बायकोला विचारत असे, "पपई?"

"काढा."

"पेरू?"

ती जरा विचार करी. "काढा. तिथं काही नाही."

पुढे लिंबे गेली, जास्वंद गेली. कढीलिंब राहतो की काय वाटले, पण तोही गेला. एका दिवशी मी म्हटले, "मोगरा?"

ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

मुलगी आणि मुलगा यांच्या मध्ये आम्हाला एक मूल झाले होते. ते एक दिवसही राहिले नाही. मी त्या वेळी कामावर फिरतीला होतो. परत आलो तेव्हा सगळे आवरलेले होते. कुठे ठेवले हे मी विचारले नव्हते, आणि त्या उन्हाळ्यापर्यंत विचारायला हवे होते असेही मला वाटले नव्हते.

"मोगऱ्याचं राहू दे," मी म्हणालो.

मोगऱ्याशीही आम्ही तसेच एक मडके पुरले. खणताना ती पुन्हा अनवाणी उभी राहिली, आणि या वेळी मी तिला सावलीला जा म्हटले नाही.

ज्येष्ठात, सकाळी नऊच्या सुमाराला, मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली. मी कचेरीतून पर्जन्यमापकाचे शून्य लिहून आलो होतो. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "दोगीबी झ्याक हायेत. आता भाऊसाहेब, तुमी जरा म्होरच्या ओट्यावर बसा. मी हाक मारीस्तवर परसात येऊ नका."

"किती वेळ?" मी सवयीने विचारले.

"लागंल तेवढा."

मी ओट्यावर जाऊन बसलो. मागून कुदळीचे घाव ऐकू येत होते. मी ते मोजू लागलो होतो. घाव किती, मधले अंतर किती, आवाज कोणत्या कोपऱ्यातून, यावरून जागा काढता आली असती. मी उठलो, ओट्यावरून उतरलो आणि रस्त्याने पार वेशीपर्यंत चालत गेलो, जिथून काही ऐकू येत नव्हते. परत आलो तेव्हा परस झाडून काढलेले होते. जमीन सगळीकडे सारखी दिसत होती.

सव्वा महिन्याने जावई आले आणि माझी मुलगी व नात सुखरूप देवळालीला गेल्या. आता आडाला पाणी आहे. परसात नवी झाडे लावली आहेत, आणि डाळिंब दर साली धरते. मुलीला ती डाळिंबे आवडतात, मी खात नाही. रोज सकाळी मी आडाचे पाणी काढून परसाला घालतो. झाडांना तर घालतोच, पण मोकळ्या जमिनीलाही घालतो, भिंतीच्या कडेला, जुन्या न्हाणीपाशी, जिथे काहीच उगवत नाही तिथेही. बायको पडवीतून बघत असते. कुठे जास्त घाला, कुठे कमी, असे ती कधी म्हणत नाही. किती घागरी लागतात ते मी लिहून ठेवत नाही.